लक्ष्मी चंचल नसते, गणितात पक्की असते

लक्ष्मी चंचल, आज याच्या घरी, उद्या त्याच्या, असं अंबाबाईच्या कोल्हापुरातही सर्रास म्हणतात. कागद-पेन्सिल घेऊन तपासून बघा.

एकाकडे 1,000 रुपये, दुसऱ्याकडे 1,00,000. नाणं सच्चं, छापा-काट्याची शक्यता निम्मी-निम्मी. नियम एकच: दर डावाला पैज गरिबाकडच्या पैशाच्या 20 टक्के. गरीब जिंकला, 1,200 झाले. पुढची पैज 240ची. हरला, उरले 960. आधी हरून मग जिंकला तरी 800, आणि 160 मिळून पुन्हा 960च. एक जीत, एक हार, तरी 40 रुपये गेले, कारण इथे गुणाकार चालतो: 1.2 × 0.8 = 0.96. असे 20 डाव खेळून 10 जिंकले, 10 हरले, तर 0.96चा दहावा घात, म्हणजे हातात साधारण 665 रुपये.

जाणकार इथे अडवतील: प्रत्येक डावाचा सरासरी तोटा शून्यच आहे की! खरं आहे. सलग दहा डाव जिंकणारा एखादा 6,192वर पोचतो आणि सरासरी तोच वर ओढतो. बाकीचे बहुतेक खाली घसरतात. दामदुप्पटवाले फोटो मात्र त्या एकाचाच लावतात.

अनिर्बान चक्रवर्ती या भौतिकशास्त्रज्ञाने 2002 साली असं मॉडेल मांडलं. कष्ट, हुशारी, लबाडी काही न घालताही पैसा शेवटी एकाच हाती गोळा होतो. टफ्ट्स विद्यापीठाचे गणिती ब्रूस बोघोसियन यांनी त्यात दोन गोष्टी घातल्या: थोडा कर घेऊन सर्वांत वाटणं, आणि नाणं श्रीमंताकडे किंचित झुकवणं. कर वरचढ असेल तोवर जमवाजमव आटोक्यात राहते. झुकाव वरचढ झाला की मोठा हिस्सा पुन्हा एकाकडे. आपल्याकडे मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर 1985 साली गेला, संपत्ती कर 2015च्या अर्थसंकल्पात.

नाणं झुकतं कसं, ते उसाच्या फडात दिसतं. सहकारी कारखान्यात कायद्याने एक सभासद, एक मत; शेअर कितीही असोत. मतपेटीपुढे 20 गुंठेवाला आणि 20 एकरवाला सारखेच. पण ऊसतोड लांबली, उसाला तुरा म्हणजे फुलोरा आला, की वजन घटतं, साखरेचा उताराही पडतो. 20 एकरवाल्याचा एखादा प्लॉट रखडला तरी बाकीचे गेलेले असतात. 20 गुंठेवाल्याचा सगळा हंगाम एकाच पैजेवर, वर सोसायटीचं कर्ज. त्यामुळे ऊसतोड टोळीने खुशाली, म्हणजे तोडीसाठी वरचे पैसे, मागितली की मोठा शेतकरी ‘बघू नंतर’ म्हणतो, आणि छोटा मुकाट खिशात हात घालतो.