चॅपी कुणाच्या घरी वाढला?

चकमकीत निकामी झालेला बावीस नंबरचा पोलिसी रोबो भंगारात निघालेला असतो. डिऑन हा इंजिनिअर त्याच्यात आपला नवा प्रोग्राम घालतो. यंत्र जागं होतं ते भेदरलेल्या लेकरासारखं. मागे मागे सरकतं, कुणाला जवळ येऊ देत नाही, मग हळूहळू एकेक शब्द उचलू लागतं. नील ब्लोमकॅम्प यांच्या ‘चॅपी’ (२०१५) या सिनेमातलं हे दृश्य जोहान्सबर्गमधल्या गुन्हेगारांच्या अड्ड्यावर घडतं, कारण टोळीने इंजिनिअरलाच रोबोसकट पळवून आणलेलं आहे.

यंत्राला बालपण द्यायची कल्पना बरीच जुनी, संगणकशास्त्राचा पाया घालणारे ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांची. १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकातल्या लेखात त्यांनी सुचवलं, की प्रौढ माणसाचं मन यंत्रात उतरवण्यापेक्षा लहान मुलाचं मन तयार करावं आणि त्याला शिकवावं. मुलाचा मेंदू त्यांना नव्या वहीसारखा वाटे: यंत्रणा थोडकी, कोरी पानं भरपूर. शिक्षा आणि बक्षीस देऊन यंत्राला शिकवण्याचा विचारही त्या लेखात आहे.

आता ही पानं भरणार कोण? डिऑन या रोबोकडून, म्हणजे चॅपीकडून, वचन घेतो, की गुन्हा करायचा नाही, जीव घ्यायचा नाही. टोळीतली योलांडी त्याला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवते. टोळीतल्याच निंजाला मात्र दरोड्यासाठी साथीदार हवाय. तो चॅपीला पटवतो, की सुरा मारला की माणूस नुसता झोपतो, आणि लोकांकडच्या गाड्या मुळात आपल्याच चोरलेल्या आहेत. चॅपी आपल्या समजुतीप्रमाणे वचन पाळतो आणि तरीही सुरा चालवतो. अख्ख्या सिनेमात मला हाच प्रसंग सर्वांत खरा वाटतो. नियम जागच्या जागी राहतो, शब्दाचा अर्थ मात्र बदललेला असतो. शिकणाऱ्या यंत्रांची खरी अडचण इथेच आहे. ‘इजा करू नको’ हे वाक्य त्यांना देता येतं, पण इजा कशाला म्हणायचं हे ती समोर आलेल्या उदाहरणांतून उचलतात, आणि ती उदाहरणं दाखवणारा निंजाही असू शकतो.

शेवटाकडे सिनेमातलं विज्ञान ढिलं पडतं. डोक्यावर हेल्मेट घालून जाणीव संगणकात उतरवण्याच्या जवळपासही आपण नाही. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूतल्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात चेतापेशी सुमारे १ लाख ४० हजार. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८६०० कोटी.

ट्युरिंग यांना त्याच लेखात एक काळजीही वाटली होती: असं यंत्र शाळेत पाठवलं, तर इतर मुलं त्याची फार चेष्टा करतील. तो लेख आला त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत ‘ग्रुप एरियाज ॲक्ट’ झाला. कुठल्या वंशाच्या माणसांनी शहराच्या कुठल्या भागात राहायचं, म्हणजे कुठलं मूल कुठे वाढणार, हे कायद्याने ठरवायला सुरुवात झाली. कायदा १९९१ मध्ये रद्द झाला, तरी तेव्हा आखलेल्या वस्त्या आजही जोहान्सबर्गमध्ये दिसतात. जग कसं असतं ते कळावं म्हणून निंजा चॅपीला शहराबाहेरच्या अशाच उजाड जागी एकटा सोडून जातो. तिथली पोरं त्याला दगड मारतात, पेटवून देतात. त्यांच्यासमोर पोलिसांचा रोबो उभा असतो. त्या चिलखताआड नुकतंच बोलायला शिकलेलं कुणीतरी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.