सजग विराम

सजग विराम म्हणजे कामाच्या धबडग्यात मुद्दाम घेतलेला छोटा थांबा. हातातले काम बाजूला ठेवायचे, दोन-चार श्वास नीट लक्ष देऊन घ्यायचे आणि आता कशाला हात घालायचा हे ठरवूनच पुढे जायचे, एवढीच ती कृती. काही सेकंद पुरतात. फार तर तीनेक मिनिटे. विश्रांतीशी तिची नेहमी गल्लत होते. विश्रांती थकवा घालवण्यासाठी असते, विराम निवड करण्यासाठी. दोन कामांच्या मध्ये फोन चाळणे हा विराम नव्हे. ते तिसरे काम झाले.

‘सजगता’ या आजच्या कल्पनेमागे बौद्ध परंपरेतला ‘सति’ हा पाली शब्द आहे. त्यात स्मरण आणि भान असे दोन्ही अर्थ येतात. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात सजगतेवर आधारलेला ताण-नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पुढे नैराश्य उलटू नये म्हणून सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी जी उपचारपद्धती बसवली, तिच्यात तीन मिनिटांचा एक विराम आहे. आधी मनात आणि शरीरात काय चालले आहे ते पाहायचे, मग लक्ष फक्त श्वासावर आणायचे, शेवटी ते पुन्हा सगळ्या शरीरभर पसरू द्यायचे.

एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले, तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये याला ‘अवधानाचा अवशेष’ या अर्थाचे नाव दिले. अर्धी ईमेल सोडून बैठकीला बसलेला माणूस मान डोलावत असतो, पण डोक्यात ते अपुरे वाक्यच घोळत असते. उठण्यापूर्वी ‘कुठवर आलो, परतल्यावर पहिले काय करायचे’ हे दोन ओळींत लिहून ठेवले तर हा अवशेष कमी होतो, असे लरॉय यांच्याच नंतरच्या संशोधनात दिसले. अशी टिपण ठेवणे हाही विरामच, आणि डोळे मिटण्यापेक्षा बहुधा जास्त उपयोगी.

विराम इच्छाशक्तीवर सोडला की टिकत नाही. ज्या दिवशी त्याची सर्वाधिक गरज, नेमका त्याच दिवशी तो आठवत नाही. म्हणून तो बाहेरच्या एखाद्या खुणेला बांधावा लागतो. व्हिएतनामी बौद्ध भिक्खू थिक न्हात हान्ह यांनी फ्रान्समध्ये १९८२ मध्ये स्थापलेल्या प्लम व्हिलेज या साधनाकेंद्रात घंटा वाजली की बोलणारा बोलता थांबतो, चालणारा जागीच उभा राहतो.

याचे सर्वांत काटेकोर रूप मात्र शस्त्रक्रियागृहात सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षा-यादीनुसार त्वचेवर पहिला छेद घेण्याआधी सगळ्यांनी थांबायचे असते. प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे; रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती आणि छेद कुठे, हे मोठ्याने पडताळायचे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रेय अर्थात संपूर्ण यादीचे, एकट्या थांब्याचे नव्हे. शिवाय यादी समोर असूनही कोणी हातातले काम न थांबवता नुसत्या खुणा करत गेले, तर कागद पूर्ण भरतो आणि विराम झालेलाच नसतो.