विश्वरचना (अद्भुतकथा व विज्ञानकथा)

विश्वरचना : अद्भुतकथा किंवा विज्ञानकथा लिहिताना लेखक जे जग नव्याने उभे करतो, त्याचे नियम, भूगोल, समाज, बोली आणि रोजचे जिणे ठरवण्याचे काम. वास्तववादी कथेत वाचकाला जग आधीच ठाऊक असते. इथे ते कथेच्या ओघातच त्याच्या गळी उतरवावे लागते. ही नोंद नवोदित लेखकांसाठी असून तीतील बरीच उदाहरणे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली आहेत. जग रचायचे तर आधी समोरचे जग कसे चालते ते नीट पाहावे लागते, आणि कृष्णाकाठी पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

नवा लेखक बहुधा नकाशा, राजवंश आणि जुन्या लढाया यांपासून सुरुवात करतो. वह्या भरतात, कथा मात्र जागची हलत नाही. त्यापेक्षा एकच बदल निवडावा आणि त्याचे परिणाम स्वयंपाकघरापर्यंत ओढत न्यावेत. समजा, आकाशात दोन चंद्र आहेत. मग भरती-ओहोटीचे गणित बदलले, होड्या सुटायच्या वेळा बदलल्या, पंचांग बदलले. संकष्टीचा उपास कोणता चंद्र पाहून सोडायचा यावरून सासू-सुनेत वाद लागला. कथेला यातला शेवटचा वाद सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

परिणाम नेहमी ठरवल्याप्रमाणे होतात असेही नाही. सातारा जिल्ह्यातले कोयना धरण विजेसाठी बांधले गेले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि परिसरात जमिनीचे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे मोठा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. साठलेल्या पाण्याचा भार आणि खोल भेगांत झिरपणारे पाणी यांमुळे खडकांतला ताण मोकळा होऊ शकतो, हे समजून घेण्यासाठी कोयनेचा अभ्यास जगभर केला जातो. वीज दूरच्या शहरांत पोचली. गावे पाण्याखाली गेली, धरणग्रस्तांना लांबच्या जिल्ह्यांत नवी घरे मांडावी लागली. कथेत नवे यंत्र किंवा नवा मंत्र आणणाऱ्याने हेच प्रश्न विचारायचे असतात : उजेड कोणाच्या घरी पडला, आणि उठून कोणाला जावे लागले? मंत्राला काहीच किंमत मोजावी लागत नसेल, तर नायकावरच्या कोणत्याही संकटाची वाचकाला काळजी वाटत नाही.

चमत्कारिक प्राणी आणि वनस्पती यांनाही कारण लागते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे. पावसाच्या पाण्याने त्यातले पोषक घटक वाहून जातात. म्हणून तिथली दवबिंदू ही चिमुकली वनस्पती चिकट केसांवर किडे पकडते. तिच्या शेजारी फुलणारी निळी-जांभळी सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव बारीक पिशव्यांत ओढून घेते. माती निकस, म्हणून झाड मांसाहारी. एवढे साधे कारण दिले की परग्रहावरची माणूसखाऊ वेलही पटते. याच पठारावरची टोपली कारवी सात वर्षांनी एकदा सामुदायिक बहरते. वयाचा हिशेब अशा बहरांवर ठेवणाऱ्या लोकांची कथा कोणीतरी लिहायला हवी.

माहिती कशी सांगावी, हा सर्वांत अवघड भाग. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत मराठी रंगभूमीचा पाया घातला. त्या पौराणिक नाटकांत सूत्रधार पदे गाऊन कथानक सांगे आणि मग देव-राक्षस रंगमंचावर येत. छापील कथेत असा सूत्रधार फार वेळ उभा राहिला तर वाचक पान उलटतो. माहिती कृतीतून यावी. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवे आहेत. बंद पेवातला प्राणवायू संपतो, म्हणून हळदीला कीड लागत नाही. त्याच कारणाने उघडल्या उघडल्या आत उतरणे जिवावर बेतते. पेव आधी उघडे ठेवायचे, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरतो. हवेच्या रसायनावर दोन परिच्छेद लिहिण्यापेक्षा हा कंदील दाखवावा, आणि तो वर ओढणाऱ्या हमालाचा चेहरा.

विज्ञानकथेत आकडे पाळावेतच. मंगळावरून निघालेला संदेश, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार, पृथ्वीवर यायला साधारण ३ ते २२ मिनिटे घेतो. मंगळावरच्या लेकीला मिरजेतल्या आईने ‘जेवलीस का?’ विचारले, तर उत्तर यायला दुप्पट वेळ. अशा घरात संभाषण उरत नाही, निरोप उरतात. भांडणही निरोपांतूनच होते. या अडचणीतून जे नाट्य निघते, ते लेखकाने प्रकाशाला मागे टाकणारा फोन देऊन घालवू नये.

बोलीबाबत मराठी लेखकाच्या हाती मोठे साधन आहे. कोण कोणाला ‘अरे’ म्हणतो, कोण ‘अहो’, आणि कोणाला ‘आपण’ म्हणावेच लागते, एवढ्यावरून अनोळखी राज्याची उतरंड एका पानात कळते. यंत्रमानवाला घरची आजी ‘बाळा’ म्हणते आणि नातू ‘ए’ म्हणतो, इथेच कथा सुरू झाली. सगळ्यांना पुस्तकी प्रमाणभाषेत बोलायला लावू नये. माणदेशी माणूस अंतराळात गेला तरी ‘काय करायलाईस?’ असेच विचारील.

संदर्भासाठी वाई येथे सिद्ध झालेले मराठी विश्वकोशाचे खंड चाळावेत. भूकंप, ग्रह, वनस्पती यांवरच्या नोंदींत कथाबीजे विखुरलेली आहेत. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरचे भिलार २०१७पासून पुस्तकांचे गाव आहे, तिथे घराघरांत बसून वाचता येते. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने अनेक लेखक पुढे आणले. १९७४ साली जयंत नारळीकर यांनीही तिथे टोपणनावाने कथा पाठवली होती. पाच खंडांची मालिका योजण्याआधी नवोदिताने अशी एक लघुकथा पुरी करावी : एक बदल, एक घर, दोन-तीन माणसे.