फायबरची होडी बुडत नाही?

लाकडी होड्या मागे पडल्यापासून कोकणातल्या बंदरांवर एक वाक्य ठरलेलं: फायबर कधी बुडत नाही. साफ चूक. फायबरचा तुटका तुकडा पाण्यात टाकून बघा, सरळ तळ गाठतो. होडी तरंगते ती पोकळ आकारामुळे. तीत पाणी भरलं, वर इंजिन आणि ओली जाळी, की गेली खाली.

वाचवतो तो बंद कप्प्यांतला फोम. पण कप्प्याला चीर गेली की तोही हळूहळू पाणी पितो. किनाऱ्यावर ओढताना होडी उगाच जड लागली, तर झाकण उघडून फोम दाबून बघा. तळाशी पाणी काढायला भोक असतं, त्याचं बूच तर होडी पाण्यात ढकलण्याआधीच बसवायचं (विसरणारे कमी नाहीत!). उलटलीच, तर पोहत सुटू नका. होडी तरंगतेय तोवर तिलाच धरून राहा. शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्याआधी होडी दिसते.