गटकार्य म्हणजे जिगसॉ नव्हे

वेगवेगळ्या समाजगटांतली मुलं एकत्र बसवायची, मध्ये एक मोठा कागद आणि स्केचपेनं ठेवायची आणि त्याला 'जिगसॉ' म्हणायचं, हा प्रकार आता पुरे झाला. जिगसॉ ही मुलांमधले पूर्वग्रह कमी करण्यासाठीची शिकवण्याची पद्धत आहे: पाठाचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एक द्यायचा आणि तो त्याने इतरांना शिकवायचा.

गटकार्य तुम्हाला माहीत आहेच, त्यावर शब्द खर्च करत नाही. दोन्हींत मुलं गोल करून बसतात, दोन्हींत गलका होतो. पण हे फक्त वरवरचं.

खरा प्रश्न एकच: माहिती कुणाच्या हातात आहे? गटकार्यात सगळा मजकूर सगळ्यांकडे असतो. चुणचुणीत मूल काम उरकतं, बाकीचे बघत बसतात. ज्याच्याबद्दल 'याला काही येत नाही' असं आधीच ठरलेलं असतं, ते गप्प राहतं. मग पूर्वग्रह कमी होणं दूरच, त्याला आयता पुरावा मिळतो. जिगसॉत प्रत्येक तुकडा गटातल्या एकाच मुलाकडे असतो आणि चाचणी मात्र सगळ्या तुकड्यांवर. त्या गप्प मुलाला हसून चालत नाही. त्याच्याकडून काढून घेतल्याशिवाय गुण मिळत नाहीत.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला सुरू केली. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात तणाव होता. नुसत्या सहवासाने भागत नाही, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलं होतं: समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. गटकार्यात ध्येय समान असतं, दर्जा नसतो. घोडं तिथेच अडतं.

पाठ निवडताना तुकडे स्वतंत्रपणे समजणारे हवेत. मेरी क्युरींचं चरित्र घ्या: वॉर्सातलं बालपण, पॅरिसमधलं शिक्षण, रेडियमचा शोध, १९०३ आणि १९११ ची नोबेल पारितोषिकं, पहिल्या महायुद्धातल्या क्ष-किरण गाड्या. पाच मुलं, पाच तुकडे. कुठलाही आधी वाचला तरी कळतो. गणितातली पायरी-पायरीची सिद्धता इथे चालत नाही. दुसरी पायरी ज्याच्याकडे आहे, त्याला पहिलीशिवाय काय कळणार?

तुकडा निदान दोनदा वाचून झाला की एकच तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं दहा मिनिटं एकत्र बसतात. हा तज्ज्ञ गट. वेळ नाही म्हणून सर्वात आधी यालाच कात्री लागते, आणि ही सर्वात महागात पडणारी काटकसर. अडखळत वाचणारं मूल इथे तयारी करतं, चुकीचं समजलेलं दुरुस्त करतं. नाहीतर मूळ गटात, म्हणजे पाच तुकडे वाटून घेतलेल्या आपल्या गटात, त्याची फजिती ठरलेली.

मग मूळ गटात प्रत्येकाने आपला तुकडा समजावून सांगायचा, इतरांनी प्रश्न विचारायचे. तुकडे एकमेकांना वाचायला द्यायचे नाहीत, पुस्तकं दप्तरात. कागद फिरला की संपलं, ते पुन्हा गटकार्यच. कुणी दादागिरी करत असेल तर शिक्षकाने स्वतः मध्ये न पडता गटप्रमुखाच्या कानात सांगावं. गटप्रमुख रोज बदलावा.

गटाला मिळून गुण देण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यायची. गटाचे गुण कापले गेले की राग कुणावर निघतो, हे सांगायला नको. आणि 'आज आपण पूर्वग्रह दूर करणार आहोत' अशी घोषणा कृपया नको. मुलं लगेच शहाण्यासारखी वागायला लागतात आणि तास नाटकी होतो.

एका तासात काही बदलत नाही. तेच गट काही आठवडे टिकवा. मैत्रिणी-मैत्रिणींचे गट मोडून तुम्हीच गट पाडा. पटावर बत्तीस मुलं असतील तर पाचांचे चार आणि सहांचे दोन गट करा. सहांच्या गटात एक तुकडा दोघांना मिळून द्या, शक्यतो त्यांपैकी एक वरचेवर गैरहजर राहणारं.