कामगार सहकारी संस्था

ज्या व्यवसायात राबणारी माणसेच त्या व्यवसायाची मालक असतात आणि भागभांडवल कमी-जास्त असले तरी प्रत्येकाला एकच मत असते, त्याला कामगार सहकारी संस्था म्हणतात. वर्षाअखेर उरलेली शिल्लक मुख्यतः केलेल्या कामाच्या प्रमाणात वाटली जाते. संचालक कामगारच निवडतात, आणि ते नकोसे झाले तर सर्वसाधारण सभेत बदलतातही तेच.

महाराष्ट्रात ‘सहकार’ म्हटले की साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी, जिल्हा बँक डोळ्यांपुढे येते. यांतली एकही या नोंदीच्या अर्थाने कामगारांची संस्था नव्हे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभ्या केलेल्या कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा शेतकरी होता. गाळपावरचा कामगार पगारदार होता, आणि ऊसतोडणी कामगार मुकादमाकडून उचल घेऊन फडावर येणारा; त्याचे नाव आजही कारखान्याच्या सभासद यादीत नसते. शेतकऱ्याला सावकार आणि व्यापारी यांच्यापासून सोडवण्यासाठी ती रचना होती आणि ते काम तिने मोठ्या प्रमाणावर केले. पण सहकाराच्या एवढ्या मोठ्या परंपरेत कोयता चालवणाऱ्याला मालकीची जागा मिळाली नाही, ही उणीव लहान नाही. म्हणून कोणतीही सहकारी संस्था समजून घेताना पहिला प्रश्न विचारावा तो हा : सभासद कोण?

हा प्रश्न सहकाराच्या जन्मापासूनचा आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली विणकरांनी आणि इतर कारागिरांनी काढलेले दुकान आधुनिक सहकाराचा आरंभ मानले जाते. ते ग्राहकांचे होते. त्याच चळवळीतून १८५४ मध्ये रॉचडेलला सूतगिरणी निघाली आणि तिच्यात कामगारांना नफ्याचा वाटा देण्याचे ठरले. गिरणी चांगली चालली, तसे बाहेरचे लोक तिचे भाग (शेअर) विकत घेऊ लागले. आठ वर्षांत त्यांचे बहुमत झाले आणि १८६२ साली कामगारांचा वाटा मतदानाने बंद करण्यात आला. संस्था बुडाली नाही, ती दुसऱ्यांची झाली. कामगारांच्या सहकाराला अपयशाइतकाच यशाचाही धोका असतो, हे तिथे प्रथम दिसले.

स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोन हे या प्रकारचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण. होसे मारिया अरिझमेंदियारिएता हे तरुण कॅथलिक धर्मगुरू १९४१ साली यादवी युद्धाने पोळलेल्या त्या गावात आले. त्यांनी आधी, १९४३ मध्ये, तंत्रशाळा काढली. तिच्यातून शिकून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९५६ मध्ये स्टोव्ह व हीटर बनवणारी ‘उल्गोर’ ही संस्था उभारली. नावातली अक्षरे त्या पाच जणांच्या आडनावांतली. १९५९ मध्ये त्यांनी स्वतःची बँक काढली. माझ्या मते मोंद्रागोनच्या वाढीची किल्ली या बँकेत आहे, कारण कामगारांच्या संस्थेला इतर बँका कर्ज द्यायला कचरतात. नवा सभासद सुमारे वर्षभराच्या किमान पगाराइतकी रक्कम भरतो, हप्त्यानेही भरू शकतो. ती त्याच्या वैयक्तिक भांडवल खात्यावर जमा होते आणि नफ्यातला वाटाही तिथेच साठतो. निवृत्त होताना तो ते पैसे घेऊन जातो. त्यामुळे भाग बाहेरच्याला विकण्याची वाटच राहत नाही; रॉचडेलची चूक या हिशेबाच्या पद्धतीने टाळली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगारातले अंतर सुरुवातीला एकास तीन होते, पुढे ते एकास सहापर्यंत गेले.

तरीही जुना प्रश्न तिथेही परत आला. उल्गोरमधून वाढलेल्या फागोर या घरगुती उपकरणांच्या उद्योगाने पोलंड व फ्रान्समध्ये कारखाने घेतले, पण तिथल्या कामगारांना सभासद करून घेतले नाही. २०१३ मध्ये फागोर दिवाळखोरीत गेली तेव्हा बास्क सभासदांपैकी बहुतेकांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतले किंवा लवकर निवृत्ती दिली. परदेशातल्या पगारदारांना तो आधार नव्हता.

भारतात या कल्पनेचा सर्वांत परिचित चेहरा इंडियन कॉफी हाउस हा आहे. मूळ ‘इंडिया कॉफी हाउस’ १९३६ साली मुंबईत चर्चगेटला सुरू झाले. कॉफीचा खप वाढावा म्हणून नेमलेल्या समितीचा तो उपक्रम होता. पुढे कॉफी बोर्डाने देशभर शाखा काढल्या आणि पन्नाशीच्या दशकात तोट्याचे कारण देऊन त्या बंद करायला घेतल्या. कामावरून जाणाऱ्यांना कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी सांगितले, की भरपाई मागत बसण्यापेक्षा कॉफी हाउस तुम्हीच चालवा. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळुरूला पहिली कामगार सहकारी संस्था स्थापन झाली आणि २७ ऑक्टोबरला दिल्लीत पहिले कॉफी हाउस उघडले. मार्च १९५८ मध्ये केरळात त्रिशूरला कॉफी हाउस निघाले. तुऱ्याचा फेटा आणि रुंद कमरपट्टा हा वाढप्याचा पोशाख तोच राहिला. फक्त आता फेटा घातलेला माणूस मालकही होता. वेगवेगळ्या राज्यांतील संस्था स्वतंत्र आहेत आणि त्यांची प्रकृतीही सारखी नाही. काही ठिकाणी भाडे आणि जुनी जागा सांभाळताना त्यांची दमछाक झाली, केरळात मात्र जाळे चांगले पसरले.

केरळचे नाव या विषयात पुन्हा पुन्हा येते. उरालुंगल श्रमकंत्राट संस्था १९२५ साली उत्तर मलबारमध्ये, समाजसुधारक वाग्भटानंद गुरूंच्या प्रेरणेने, काम नाकारल्या गेलेल्या मजुरांनी काढली. आज ती पूल, रस्ते आणि तंत्रज्ञान उद्याने बांधते. कन्नूरची दिनेश बिडी १९६९ मधली. विडी कामगारांसाठीचा १९६६चा कायदा लागू होताच खासगी कारखानदारांनी कारखाने बंद केले, हजारो कामगार रस्त्यावर आले आणि राज्य सरकारच्या मदतीने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. कामगार विड्या वळत असत आणि त्यांच्यातलाच एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. विडीचा धंदा ओसरू लागला तेव्हा संस्थेने मसाले, खाद्यपदार्थ, छत्र्या असे दुसरे मार्ग शोधले.

मुंबईतले सर्वांत गंभीर उदाहरण कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे. तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारा हा कारखाना मालक कुटुंबातील वाद आणि वाढती देणी यांच्या कात्रीत सापडून १९८५ मध्ये बंद पडला. कामगार संघटनेने थकबाकी मागून न थांबता कारखानाच मागितला. आजारी उद्योगांसाठी नव्याने नेमलेल्या मंडळाने योजना तपासली आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाग कामगारांच्या सहकारी संस्थेकडे देण्यास मान्यता दिली. कामगारांनी पगारकपात स्वीकारली, पदरचे पैसे घातले, गंजलेली यंत्रे साफ केली आणि उत्पादन सुरू केले. गिरणगावचा ऐतिहासिक संप फसून काही वर्षेच झाली होती. अशा शहरात कामगारांनी बंद कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजवावा, याचे मोल आकड्यांत मांडता येणार नाही.

पहिली काही वर्षे बरी गेली. पुढे खेळते भांडवल अपुरे पडू लागले. कायद्याने कंपनी कंपनीच राहिली होती आणि सहकारी संस्था तिची भागधारक होती. म्हणजे एकच कामगार संघटनेचा सदस्य, संस्थेचा सभासद आणि कंपनीचा नोकर असा तिहेरी नात्यात उभा होता. पगारवाढ मागावी ती कोणाकडे, शिस्तीची कारवाई करावी ती कोणी, हे प्रश्न मिटले नाहीत आणि १९९०च्या दशकात कारखाना पुन्हा संकटात गेला. या शेवटावरून ‘कामगारांना उद्योग चालवता येत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तो मला अन्यायकारक वाटतो. अनुभवी मालकांनी बंद पाडलेला, देण्यांनी दबलेला कारखाना त्यांच्या हाती आला होता. निरोगी कारखाना कामगारांना सहसा कोणी देत नाही.

गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग कायद्याने सहकारी संस्था नाही. त्याची नोंदणी संस्था नोंदणी कायद्याखाली आहे. पण पीठ घेऊन जाणारी आणि पापड लाटून आणणारी प्रत्येक बहीण तिथे सह-मालक असते, आणि नफा-तोटा बहिणींमध्येच वाटला जातो. नोंदणीचा कायदा आणि आतला व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे लिज्जतवरून कळते.

उलट बाजूही महाराष्ट्रानेच दाखवली. जंगलातील ठेकेदारांच्या जाचातून आदिवासी लाकूडतोड्यांना सोडवण्यासाठी बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने १९४७ च्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा भाग, देण्याचे धोरण आणले. ठाणे, नाशिक, खानदेशात अशा संस्था निघाल्या. बांधकामासाठी मजूर सहकारी संस्था निघाल्या आणि शासकीय कामांचा ठरावीक हिस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवला गेला. नियमाचा हेतू चांगला होता. पण काम राखीव असले की ते मिळवण्यासाठी कागदावरचे मजूर उभे राहतात. अनेक मजूर संस्थांमध्ये पाटी-फावडे कधी हातात न धरलेले सभासद आणि प्रत्यक्षात काम करणारे, यादीत नसलेले रोजंदार अशी विभागणी झाली.

पुण्याची ‘स्वच्छ’ ही संस्था म्हणूनच लक्ष देऊन पाहावी अशी आहे. बाबा आढाव आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली. उकिरड्यावर कागद-काच वेचणाऱ्या, बहुतेक दलित स्त्रियांना तिने ओळखपत्र मिळवून दिले आणि ‘कचरेवाली’ऐवजी कष्टकरी ही ओळख दिली. या संघटनेतून पुढे सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. सभासद घरोघर जाऊन ओला-सुका कचरा गोळा करतात, घरटी शुल्क स्वतः घेतात आणि विकण्याजोग्या भंगाराचे पैसेही त्यांचेच असतात. तीन हजारांहून अधिक कचरावेचक तिचे सभासद आहेत. संघटना आणि संस्था वेगळ्या ठेवल्यामुळे कमानीतला तिहेरी गुंता इथे बराच कमी आहे. जोखीम बाहेरून येते. करार संपत आला की तेच काम मोठ्या ठेकेदाराला द्यावे अशी चर्चा शहरात सुरू होते, आणि कचऱ्यावरचा हक्क पुन्हा पटवून द्यावा लागतो.

छोट्या व्यवसायांत कामगार-मालकी येते ती बहुधा मालक निवृत्त होताना. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका जोडप्याने १९६७ मध्ये चीजचे दुकान काढले आणि १९७१ मध्ये ते नोकरांना विकून स्वतःही त्यांच्यातले एक सभासद झाले. सर्वांना एकच ताशी वेतन, हा नियम तिथे रुजला. या ‘चीज बोर्ड’च्या मदतीने निघालेल्या बेकऱ्यांना मोंद्रागोनच्या धर्मगुरूंचे, अरिझमेंदी असे नाव दिले आहे. इटलीत १९८५ च्या मार्कोरा कायद्याने बंद पडणाऱ्या कारखान्याच्या कामगारांना संस्था काढण्यासाठी भांडवल उपलब्ध केले. ब्रिटनने २०१४ पासून, मालकाने बहुसंख्य भाग कर्मचाऱ्यांच्या न्यासाला विकले तर करसवलत दिली. अशा न्यासात मालकी सामूहिक असते, पण एक माणूस एक मत हे तत्त्व असेलच असे नाही. आपल्याकडच्या नव्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना मिळणारे भाग तर याहून वेगळे. ते पगाराचाच एक प्रकार आहेत, त्यांतून कारभाराचा अधिकार येत नाही.

महाराष्ट्रात असे हस्तांतर करायचे तर १९६० चा सहकारी संस्था अधिनियम लागतो. त्यानुसार नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा सभासद हवेत, निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जायला हवा आणि लाभांशावर पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. सहा कारागिरांचे लेथ वर्कशॉप किंवा पाच जणींची पोळी-भाजी केंद्राची चूल या दारातून आत येऊ शकत नाही. त्यांना भागीदारी किंवा २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी करावी लागते. तिला दोन भागीदार पुरतात. समान मत, राखीव निधी, नव्या कामगाराला भागीदार करून घेण्याची मुदत हे सारे मग करारनाम्यात स्वतः लिहून घ्यावे लागते.