धोटा वेळेत पोहोचला पाहिजे

मे महिन्यातल्या एका दुपारी, सोलापूरचा पारा ४३ अंशांवर असताना, आमच्या शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी तक्रार घेऊन माझ्याकडे आला. त्याने जानेवारीत आपल्या संगणकाच्या प्रोसेसरचा वेग ४.५ गिगाहर्ट्झवरून ५ गिगाहर्ट्झवर नेला होता, आणि तेव्हापासून यंत्र विनातक्रार चालले होते. आता मात्र रोज तीनच्या सुमारास निळा पडदा येऊन सगळे ठप्प होत होते. "काका, रात्री चालतो, दुपारी मरतो," असे त्याचे म्हणणे. घरच्यांच्या मते उन्हाने प्रोसेसर जळत होता, आणि आजीच्या मते यंत्राला नजर लागली होती, म्हणून कॅबिनेटच्या जाळीला लिंबू-मिरची बांधलेली होती. त्यातली मिरची नेमकी पंख्याच्या तोंडाशी आली होती, एवढा एक परिणाम मला स्वतः पाहता आला.

प्रोसेसर जळत नव्हता. जळलेली चिप रात्री पुन्हा चालू लागत नाही. तिथे काय घडत होते ते कळले, की हौशी मंडळी ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर पळवण्याचा उद्योग, का करतात हेही कळते. आणि ते समजावून सांगायला सोलापूरच्या पूर्वभागातल्या यंत्रमागासारखे दुसरे साधन नाही.

धोट्याचा माग ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला त्याची लय ठाऊक असते. ताण्याचे धागे वर-खाली होऊन मध्ये फट उघडते, दांडा ठोका देतो, धोटा बाण्याचा धागा घेऊन त्या फटीतून पलीकडच्या पेटीत जातो, फणी पुढे येऊन तो धागा ठोकून बसवते आणि फट मिटते. हे मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा घडते. यात अट एकच आहे : फट मिटण्यापूर्वी धोटा पेटीत पोहोचलेला असला पाहिजे. तो मध्येच अडकला तर ताण्याचे शेकडो धागे तुटतात, म्हणून तशी वेळ आलीच तर माग स्वतःहून थांबावा अशी योजना यंत्रातच केलेली असते.

प्रोसेसरमध्ये फणीचे काम घड्याळाचा ठोका करतो. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोके, आणि दोन ठोक्यांमधला वेळ अवघा २०० पिकोसेकंद. एवढ्या वेळात निर्वातातला प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. प्रत्येक ठोक्याला फ्लिप-फ्लॉप नावाच्या लाखो छोट्या पेट्या आपापल्या दारातले शून्य किंवा एक आत घेतात. मग ते संकेत ट्रान्झिस्टरांच्या, म्हणजे विजेच्या सूक्ष्म बटणांच्या, रांगांमधून वाट काढत पुढच्या पेटीकडे निघतात आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वी त्यांनी तिथे पोहोचून स्थिर झालेले असावे लागते. दारातला संकेत ठोक्याच्या किंचित आधीपासून निश्चल असावा, हेही बंधन असते. उशीर झाला, तर पेटी जुनेच मूल्य आत घेते.

सगळ्या वाटा सारख्या लांबीच्या नसतात. ९९९९९९ मध्ये १ मिळवताना आपण हातचा घेत घेत एककापासून थेट डावीकडच्या टोकापर्यंत जातो. पण २०३०१० मध्ये १ मिळवताना हातचा लागतच नाही. चिपच्या बेरीज-मंडलातही हातचा असाच सरकतो. त्याला आडवाटेने लवकर पुढे नेण्याच्या युक्त्या अभियंत्यांनी योजल्या आहेत, तरीही काही आकड्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागतोच. संपूर्ण चिपमधल्या सर्वांत लांबच्या वाटेला जितका वेळ लागतो, त्याहून लवकर ठोका देता येत नाही. वेग प्रमाणाबाहेर वाढवलेला संगणक तासन्‌तास नीट चालतो आणि मग अचानक कोसळतो, त्याचे एक कारण हेच आहे. लांबच्या वाटेने जाणारा आकडा तोवर आलेलाच नसतो. कोसळला तर निदान कळते तरी. एखादी बेरीज गुपचूप चुकली आणि काम तसेच पुढे चालू राहिले, तर ते अधिक वाईट. मागाला आहे तशी थांबण्याची योजना इथे प्रत्येक वाटेवर नसते. म्हणूनच हौशी लोक 'प्राइम९५' हा मूळचा प्रचंड मूळ संख्या शोधणारा कार्यक्रम चाचणीसाठी चालवतात. त्यातल्या अवघड गणितांची उत्तरे आधीच ठाऊक असल्यामुळे चूक झाली की ती लगेच पकडली जाते.

(इथे एक आडफाटा घेतो, घाई असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. संकेत फार लवकर आला तरीही पंचाईत होते. ठोका पडल्यानंतरही जुने मूल्य क्षणभर दारात टिकावे लागते. तेवढ्यात नवे येऊन धडकले, तर पेटी भलतेच घेते. गंमत अशी, की उशिराची चूक घड्याळ मंद केल्याने सुटते, पण ही घाईची चूक घड्याळ कितीही मंद केले तरी सुटत नाही, कारण दोन्ही घटना एकाच ठोक्याच्या आजूबाजूच्या असतात. त्यामुळे वेगाच्या या यंत्रात अभियंते काही वाटांवर मुद्दाम उशीर पेरून ठेवतात.)

आता मूळ प्रश्न. कारखान्याने ४.५ गिगाहर्ट्झ ठरवून दिलेली चिप ५ वर चालतेच कशी? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर घडवलेल्या चिपाही अगदी एकसारख्या निघत नाहीत. काही जन्मतःच चपळ असतात. शिवाय उत्पादकाला सर्वांत वाईट परिस्थिती गृहीत धरावी लागते : गरम खोली, धुळीने भरलेला पंखा, वीजदाबाची क्षणिक घसरण आणि काही वर्षांनी चिपला येणारे वार्धक्य. या सगळ्यांसाठी तो प्रत्येक ठोक्यात थोडा वेळ राखून ठेवतो. हौशी माणूस तोच राखीव वेळ वापरायला काढतो. पद्धत सोपी आहे. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला गुणणारा ४५ हा आकडा बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ५० करायचा, म्हणजेच मागाचा वेग ठरवणारी पुली बदलायची.

या छंदाचे सुवर्णयुग १९९८ मध्ये आले. इंटेलच्या 'सेलेरॉन ३००ए' या स्वस्त प्रोसेसरचे मूळ घड्याळ ६६ मेगाहर्ट्झचे होते आणि गुणक ४.५ वर पक्का केलेला होता. लोकांनी घड्याळच १०० वर नेले आणि ३०० ची चिप ४५० वर पळवून इंटेलच्याच कित्येक पट महाग पेंटियम प्रोसेसरच्या बरोबरीला आणली. आज इतके फुकट काही मिळत नाही, कारण 'टर्बो' या नावाखाली, चिपला गरजेनुसार आपणहून वेग वाढवू देऊन, उत्पादक स्वतःच तो राखीव वेळ बराचसा वापरून टाकतात. ९ गिगाहर्ट्झच्या पुढचे विक्रम होतात, पण त्यासाठी द्रवरूप हेलियम ओतावे लागते आणि तो वेग काही क्षणच टिकतो. यंत्राची सीमा नेमकी कुठे आहे ते स्वतःच्या हाताने शोधून काढणे, हाच या छंदातला खरा आनंद असावा असे मला वाटते. तो मला निरुपद्रवी आणि शिकवणारा वाटतो. एका बटणात मोबाइलचा वेग दुप्पट करून देणारी बूस्टर ॲप मात्र मी लिंबू-मिरचीच्याच रांगेत बसवतो.

पुली बदलली तर धोट्याला ठोकाही जोरात द्यावा लागतो, हे त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीच सांगितले. त्यांचे स्वतःचे माग आहेत. प्रोसेसरमधला ठोक्याचा जोर म्हणजे व्होल्टेज. ते वाढवले की ट्रान्झिस्टर जास्त प्रवाह सोडतो, पुढच्या तारेवरचा विद्युतभार लवकर भरतो आणि संकेत वेळेत पोहोचतो. पण त्याची किंमत चढी असते. स्विचिंगमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टरांच्या चालू-बंद होण्यात, खर्च होणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ११ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.११ गुणिले १.२१ म्हणजे जवळपास १.३४ होतात. वेगाच्या नवव्या हिश्शासाठी उष्णता एकतृतीयांशाने वाढते. शिवाय जादा प्रवाह आणि उष्णता यांमुळे तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकत जातात आणि चिपचे आयुष्य घटते.

आता दुपारचे कोडे सुटते. पंखा आणि धातूच्या पात्या चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. चिप खोलीपेक्षा किती अंश वर राहील एवढेच त्या ठरवतात. ४.५ गिगाहर्ट्झवर त्याची चिप पूर्ण भाराखाली खोलीपेक्षा साधारण ४५ अंश वर असे, ५ वर ती ६० अंश वर गेली. जानेवारीतल्या २४ अंशांच्या खोलीत ८४, मे महिन्यातल्या रात्री ३२ अंशांच्या खोलीत ९२, आणि दुपारी पत्र्याखालच्या ४२ अंशांच्या खोलीत हिशेबाने १०२. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आपला वेग स्वतःच आवरू लागतात, पण ५ गिगाहर्ट्झवर पळणाऱ्या या चिपची हद्द तिथे पोहोचण्याआधीच संपत होती. तापलेल्या सिलिकॉनमध्ये स्फटिकाची थरथर वाढते, इलेक्ट्रॉन जास्त अडखळतात, आणि प्रत्येक वाट थोडी लांबल्यासारखी होते. राखीव वेळ तर त्याने जानेवारीतच खर्चून टाकला होता, त्यामुळे दुपारी धोटा पेटीपर्यंत पोहोचेना.

आम्ही गुणक ४८ वर आणला, व्होल्टेज थोडे उतरवले, मिरची सोडली आणि मुद्दाम दुपारी तीनला चाचणी लावून समोर बसलो. तासाभरात तापमान ९० च्या आतच राहिले आणि एकही उत्तर चुकले नाही. त्याने कॅबिनेटच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर मार्करने लिहिले : 'मृग पडेपर्यंत ४८'.